सहकुटुंब फ्रेंच सूट

युस्टेस क्रियाडोनं वीस वर्षं माणसांच्या तोंडासमोर सॅक्सोफोन वाजवला, आणि वीस वर्षांत त्याला एकही तोंड रिकामं दिसलं नाही.

तो फिलिपच्या बँडमध्ये होता. फिलिपचा बँड म्हणजे फिलिपचं ट्रंपेट, एक व्हायोलिन, एक ड्रम आणि युस्टेस. वाकोल्यापासून पार मरोळपर्यंतच्या गावठाणांत लग्न असो, बाप्तिस्मा असो, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याचा आनंद किंवा पश्चात्ताप असो, बँड फिलिपचा. लोक नाचायचे तोवर ठीक असायचं. पण गावठाणातला माणूस नाचतो तो पोटात जागा करायला. जागा झाली की मैद्याचे तळलेले फुगे यायचे, डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलचे टोप यायचे, आणि नेमकं तेव्हाच फिलिप युस्टेसला एकट्याला वाजवायची खूण करायचा, कारण फिलिपलाही जेवायचं असायचं. एकदा मरोळला युस्टेसनं डोळे मिटून एक लांब सूर असा काही धरला की त्याचं त्यालाच भरून आलं. डोळे उघडले तेव्हा समोरच्या बाकावरचा म्हातारा पाणावल्या डोळ्यांनी मान हलवत होता. म्हातारा म्हणाला, "मिरची अंमळ जास्त झाली."

एरवी युस्टेसची काही तक्रार नव्हती. दिवसा तो फोर्टात एका जहाज कंपनीत कारकून होता. घर वडिलांचं होतं, लग्न झालेलं नव्हतं, तब्येत बरी होती. सुखी माणसाचं सगळं साहित्य घरात होतं. इच्छा एकच होती, आणि तीही फार मोठी नव्हती. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, लोकांनी खाली बसून, तोंड मिटून, आपलं वाजवणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं.

त्यासाठी वाजवायला तसंच काहीतरी हवं होतं. ते फ्रान्सहून आलं. कंपनीच्या कामासाठी युस्टेस एका फ्रेंच जहाजावर गेला असताना तिथल्या बँडमधल्या एका वादकाशी त्याची ओळख झाली. वादकाला तहान लागली होती. मुंबई राज्यात दारूबंदी होती. वाकोल्याच्या गावठाणात जांभळाची झाडं होती, आणि जांभळांचं काय करायचं हे तिथल्या बायकांना मोरारजींच्या आधीपासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी युस्टेस एक पिशवी घेऊन जहाजावर गेला आणि नोटेशनचे कागद घेऊन उतरला. पॅरिसच्या कुणा हयात संगीतकाराची ती रचना होती. मुळात मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, नंतर सॅक्सोफोन आणि पियानो एवढ्यावर बसवलेली. तीन भाग. वरती 'Suite' असं छापलं होतं. फ्रेंच माणूस त्याचा उच्चार 'स्वीत' असा करायचा. पण त्यानं तोवर पिशवी उघडली होती, म्हणून युस्टेसनं ते मनावर घेतलं नाही. तो 'सूट' म्हणाला, आणि वाकोल्यात तेच चालू राहिलं.

सॅक्सोफोन होता. पियानोसाठी एडना परेरा होती.

एडना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि घरी मुलींना पियानो शिकवायची. लंडनच्या झाडून सगळ्या परीक्षा ती पास झाली होती. वय चाळिशीच्या आसपास होतं. अलीकडे की पलीकडे हे विचारायची वाकोल्यात कुणाची छाती नव्हती. तिनं कागद हातात घेतले, चष्मा लावला, पहिलं पान वाजवलं आणि थांबली.

"यात चुका आहेत," ती म्हणाली.

"कुठे?"

"सगळीकडे. माझा डावा हात एका पट्टीत, उजवा दुसऱ्या पट्टीत, आणि तू तिसऱ्याच. छापणारा प्यायलेला असणार."

तिनं पेन्सिल घेतली आणि रात्रीतून अख्खा पहिला भाग शुद्ध करून टाकला. दुसऱ्या दिवशी दोघांनी तो वाजवला. अगदी चर्चमधल्या भजनासारखा वाजला.

"एडना, एक बोलू? रागावू नकोस."

"बोल."

"त्यानं ते तसंच लिहिलंय गं. मुद्दाम. आमच्या शेजारच्या दोन जावा आहेत ना, एका घरात राहतात, एका चुलीवर रांधतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. तसं आहे ते."

एडनानं पुन्हा कागद पाहिले. "मग चूल पेटते कशी?"

"तेच तर ऐकायचंय."

एडनानं खोडरबर आणलं. फ्रेंच संगीतकाराला त्याच्या चुका परत मिळाल्या, आणि तालीम सुरू झाली.

तालीम सहा महिने चालली. एडनाच्या घरी तिची विनीमावशी राहायची. तरणी नसली तरी मुलगी ती मुलगी आणि पुरुष तो पुरुष, म्हणून तालमीच्या वेळी मावशी दरवाजा सताड उघडा टाकून उंबऱ्यावर लसूण सोलत बसायची. सहा महिन्यांत त्या घरात लसूण कधी कमी पडली नाही. मावशीला एकच गोष्ट कळत नव्हती. एकच गाणं सहा महिने? तिच्या ऐकण्यात गाणं असं होतं की एकदा ऐकलं की येतं, आणि दोनदा ऐकलं की कंटाळा येतो. तेव्हा हे गाणं नसून दुसरं काहीतरी आहे, आणि ते बोलायला या दोघांना तोंड नसल्यामुळे ते वाजवत आहेत, असा तिनं पहिल्याच महिन्यात निष्कर्ष काढला होता. तो तिनं गावठाणात चार विश्वासू बायकांना सांगितला. वाकोल्यात चार विश्वासू बायका म्हणजे लाउडस्पीकर.

आता प्रश्न जागेचा. चर्चचा हॉल फादरनी देऊ केला, पण हाउजीच्या खेळाच्या मध्यंतरात. हाउजीच्या मध्यंतरात लोक सामोसे खातात. युस्टेसनं आभार मानून नको म्हटलं.

तोडगा मार्तंडरावांनी काढला. मार्तंडराव गावठाणाला लागून नव्या झालेल्या चाळीत राहायचे. मूळचे कणकवलीकडचे. वाकोल्याच्या रसिक मंडळाचे ते चिटणीस होते, आणि मंडळात दुसरं कुणी काही करत नसल्यामुळे बाकीचं सगळंही तेच होते. ते युस्टेसची शिडी मागायला आले होते. युस्टेसनं शिडीबरोबर आपलं दुःखही दिलं.

"अहो मग आमच्याकडे वाजवा ना युस्टेसराव!" मार्तंडराव म्हणाले. ते सगळ्यांनाच राव लावायचे. "आमचे लोक बसून ऐकतात. पाच-पाच तास बसतात. गवई थकून निघून गेला तरी बसतात."

"खात नाहीत?"

"गाणं चालू असताना? छे! शेवटी आमची बायको नलिनी चिवडा-चहा देते. तोवर कुणी पानसुद्धा लावत नाही. राग कुठला आहे?"

"राग नाही. सूट आहे. फ्रेंच."

"असू दे. सकाळचा की संध्याकाळचा?"

युस्टेसनं विचार केला. "पॅरिसमध्ये संध्याकाळी वाजवतात."

"मग झालं. रविवारी संध्याकाळी सहा. पियानो तेवढा तुम्ही आणा, आमच्याकडे पेटी आहे फक्त. पाटी मी लावतो."

पाटी मार्तंडरावांनी खरंच लावली. नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानाशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मंडळाच्या पाट्या रंगवणारा पेंटर एरवी लग्नाच्या कमानी रंगवायचा. त्याचा हात त्याच वळणाचा होता. पाटी अशी होती :

श्री. युस्टेस क्रियाडो
व
कु. एडना परेरा
यांचा
फ्रेंच सूट
रविवारी सायंकाळी ६ वाजता, रसिक मंडळाच्या हॉलमध्ये.
सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार अगत्य यावे.

चार कोपऱ्यांत चार गुलाब होते. युस्टेसनं पाटी पाहिली आणि त्याला फार बरं वाटलं. वीस वर्षांत त्याचं नाव पाटीवर पहिल्यांदाच आलं होतं. गावठाणानंही पाटी पाहिली. गावठाणानं दोन नावं वाचली, मधला 'व' वाचला, खालचा 'यांचा' वाचला, आणि नवरामुलगा सूट घालणार, तोही फ्रेंच, एवढं समजून घेतलं. तरीसुद्धा लोक धीरानं राहिले. पाटीवर कुणीही काहीही लिहितं. पुराव्याशिवाय वाकोल्याचा माणूस बोलत नाही. पुरावा मिळाल्यावर मात्र थांबत नाही.

पुरावा रविवारी दुपारी दारातून बाहेर पडला.

इथं पियानोची गोष्ट सांगायला हवी. गावठाणात तीन-चार घरांत पियानो होते, आणि ते देव्हाऱ्याइतकेच जागचे हलत नसत. पियानो घराबाहेर पडायचा तो दोनच कारणांनी. एक तर घर विकलं म्हणून, नाहीतर घरातली मुलगी लग्न होऊन चालली म्हणून. मुलीच्या पुढं पियानो निघायचा. एडनाच्या आईबरोबर हाच पियानो याच रस्त्यानं आला होता. परेऱ्यांचं घर विकायला काढलेलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग उरलं काय?

युस्टेसच्या डोक्यात हे आलं नाही. त्याच्या डोक्यात फक्त तिसरा भाग होता. काशीराम हातगाडीवाला आपली माणसं घेऊन आला, पियानो उचलला, आणि उंबऱ्याबाहेर त्याचे पुढचे दोन पाय टेकले तशी विनीमावशी मोठ्यानं रडायला लागली.

"मावशी, काय झालं?" युस्टेस घाबरला. "लागलं कुठं?"

"काही नाही रे पोरा," मावशी म्हणाली. "तू ने. नीट सांभाळ."

"सांभाळणारच. काशीरामला सांगितलंय, खड्डे चुकव म्हणून."

मावशी आणखी रडली. मग आत गेली, तांदळाचं सूप घेऊन आली आणि मूठभर तांदूळ पियानोवर टाकले. युस्टेसला वाटलं, जुनी माणसं. प्रवासाला निघालेल्या वस्तूवर टाकत असतील. एडना दारात उभी होती. तिनं निळा रेशमी झगा घातला होता. ती पियानोच्या झाकणावरचे तांदूळ एकेक करून वेचायला लागली, आणि मग मधेच वेचायचं थांबली.

गाडी निघाली. सॅक्सोफोनच्या पेटीची मूठ तुटलेली, म्हणून युस्टेसनं सॅक्सोफोन गळ्यातच अडकवला होता. पुढे पियानो, शेजारी गळ्यात वाजा घेतलेला युस्टेस, मागे निळ्या झग्यात एडना आणि डोळे पुसणारी मावशी. हे दृश्य ज्यानं पाहिलं त्यानं हातातलं काम टाकलं. पहिल्या वळणापर्यंत दहा-वीस माणसं मागे होती. विहिरीपाशी आल्यावर ती किती आहेत हे युस्टेसनं पाहायचं सोडून दिलं.

ऑगस्टीन सुतार धावत आला. "युस्टेस! साल्या! सांगितलं नाहीस रे!"

"पाटी लावली होती की."

"पाटी वाचली. पण तोंडानं सांगायला नको? आम्ही आलो तर चालेल ना?"

"चालेल काय, आलंच पाहिजे!" युस्टेसचा ऊर भरून आला.

"म्हातारीला घेऊन येऊ?"

"सहकुटुंब या."

"आणि काय काय असणार?"

"तीन भाग आहेत," युस्टेस म्हणाला. "पहिला जोरात. दुसरा हळू. तिसरा पुन्हा जोरात."

ऑगस्टीननं जरा विचार केला. "आमचं पण तसंच झालं," तो म्हणाला. "पण तिसरा काही आला नाही."

"सगळं एडनावर आहे. तिनं साथ दिली की येतो."

ऑगस्टीननं आदरानं एडनाकडे पाहिलं आणि टोपी काढली.

हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पांढऱ्या भिंती आणि एक स्टेज. मंडळाचे लोक पुढं जाजमावर बसले होते. एरवी तेवढेच असायचे. आज मागून अख्खं गावठाण आत शिरलं. बायका चर्चच्या कपड्यांत, पुरुष टायमध्ये. फिलिप तर बँडचा लाल कोट घालून आला होता. मार्तंडरावांनी वीस वर्षांच्या समाजकार्यात एवढी गर्दी पाहिली नव्हती. बाकं कमी पडली म्हणून त्यांनी शाळेतून बाकं आणवली, आणि नलिनीला हळूच सांगितलं, "चिवड्यात आणखी पोहे घाल. वाकोल्याला शास्त्रीय संगीताची गोडी लागली."

पियानो स्टेजवर चढला. युस्टेसनं सॅक्सोफोनची पत्ती ओली केली, एडनाकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

पहिला भाग जोरात होता. शाळा सुटल्यावर पोरं पायऱ्यांवरून उतरतात, तसे सूर एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत खाली यायचे. युस्टेसनं सवयीनं डोळे मिटले. वीस वर्षांच्या अनुभवानं तो मनातल्या मनात वाट पाहत होता : आता ताट वाजेल, आता कुणीतरी 'वाढ ना' म्हणेल. काही वाजलं नाही. भाग संपल्यावर त्यानं भीतभीत डोळे उघडले.

समोर दोन-तीनशे तोंडं होती आणि सगळी मिटलेली होती. मागच्या बाकांवर ऑगस्टीन सुतार हात गुडघ्यांवर ठेवून शाळेतल्यासारखा ताठ बसला होता. त्याची म्हातारी आई तशीच. कुणी हलत नव्हतं. पोरांना आया डोळ्यांनी गप्प बसवत होत्या. युस्टेसच्या हातातल्या सॅक्सोफोनला घाम फुटला. त्याला वाटलं, मेलो तरी हरकत नाही. पण दुसरा भाग झाल्यावर.

दुसरा भाग त्या दोन जावांचा होता. पियानो एका पट्टीत चालायचा, सॅक्सोफोन दुसरीत. एकमेकांना ओलांडून जायचे, बघायचे नाहीत. मार्तंडरावांना समेवर मान टाकायची सवय होती, पण सम काही केल्या सापडेना. त्यांची मान उगाचच वर-खाली जायची आणि अर्ध्यावर थांबायची. शेवटी कंटाळून त्यांनी ती कुठंतरी टाकून दिली, आणि नेमके तिथंच पियानो आणि सॅक्सोफोन पहिल्यांदा एका सुरावर भेटले. "आहा!" मार्तंडराव म्हणाले, आणि शेजारच्यांनी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. त्यांनी तो आदर कुणालाच खरं न सांगता ठेवून घेतला.

सूर विरला. शांतता तशीच राहिली. युस्टेस तिसऱ्या भागाचे कागद लावत होता, तेवढ्यात स्टेजच्या बाजूनं फिलिप वाकून आला.

"साल्या, एवढं सांग," तो कुजबुजला, "पेला वर करून टोस्ट कोण म्हणणार? मी म्हणतो."

"कसला टोस्ट?"

"कसला म्हणजे? साखरपुड्याचा! तुझ्या आणि एडनाच्या. मी तुझा एवढा जुना दोस्त, दुसऱ्या कुणाला दिलास तर बघ. आणि जरा आटप ना यार. लोक दुपारपासून उपाशी आहेत."

"पण कुणी काही खात नाहीये!"

फिलिपला अपमान वाटला. "टोस्टच्या आधी कोण तोंडात घालतं? जनावरं आहोत का आम्ही?"

युस्टेस एकदम खाली बसला. स्टेजवर खुर्ची होती म्हणून बरं. त्याच्या डोळ्यांसमोरून तांदूळ गेले, मावशी गेली, ऑगस्टीनची टोपी गेली, पाटीवरचा 'यांचा' गेला. दोन-तीनशे माणसं गप्प होती, ती सॅक्सोफोनसाठी नव्हे. रीत म्हणून. टोस्ट झाला की ती सगळी एकदम तोंडं उघडणार होती.

तो पियानोवर वाकला, जणू काही सूर जुळवतोय. "एडना. या लोकांना वाटतंय की आपला—"

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"मावशीनं तांदूळ टाकले तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"सहा महिने तू काय म्हणत होतास?" एडना पान सरळ करत म्हणाली. "लोकांनी तोंड मिटून ऐकावं. मिटलंय. मी बोलले असते तर निम्मे घरी गेले असते, उरलेल्यांनी मला काय झालं ते विचारलं असतं."

"पण हे बरोबर नाही गं. मी सांगतो त्यांना."

"सांग."

युस्टेस उठून उभा राहिला. अख्ख्या हॉलनं त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं. नवरामुलगा चार शब्द बोलणार असं समजून पुढच्या बायका हसऱ्या झाल्या, विनीमावशीनं रुमाल काढला. युस्टेसनं तोंड उघडलं. त्याला माहीत होतं : 'असं काही नाही' एवढं म्हटलं की झालं. ही शांतता जी आज जमली ती पुन्हा जमणार नाही. बाकं सरकतील, कुजबुज होईल, आणि तिसरा भाग, सगळ्यांत अवघड, ज्यासाठी त्यानं सहा महिने ओठ सोलून घेतले, तो पाठ फिरवलेल्या माणसांना ऐकवावा लागेल. दुसऱ्या बाजूला खोटं होतं. त्या खोट्याकडं त्यानं नीट पाहिलं. ते निळ्या झग्यात बसलं होतं, त्याच्या कानामागं पेन्सिल खोचलेली होती, आणि गेले सहा महिने फोर्टातून परतताना युस्टेस त्याच्याचकडे पाय उचलून चालत आला होता. आपण एवढ्या लगबगीनं चालायचो ते पियानोसाठी, असं तो समजत होता. पियानो गावठाणात आणखीही घरांत होते.

तो पुन्हा वाकला. "आणि तुझं काय? तुझी हरकत नाही?"

"हरकत असती," एडना म्हणाली, "तर पियानो गाडीवर चढला असता?"

"मग आता?"

"आता तिसरा भाग. पहिल्या पानावर पळू नकोस. नेहमी पळतोस."

युस्टेस सरळ उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, "अजून एक भाग आहे. त्यानंतर फिलिप बोलेल." आता हे अगदी खरं होतं.

तिसऱ्या भागात तो पळाला नाही. हा भाग भर बाजारासारखा होता. भाजीवाली एकीकडे, कोंबडीवाला दुसरीकडे, मधून एखादी मिरवणूक, आणि सगळे आपापल्या सुरात ओरडतायत तरी कुणाचं कुणावाचून अडत नाही. एडनाचा डावा हात मिरवणूक घेऊन चालला होता. युस्टेस तिच्या मागं राहिला, मग बरोबर आला, मग पुढं गेला, आणि शेवटचा वरचा सूर, जो तालमीत निम्म्या वेळा फाटायचा, तो एवढा स्वच्छ लागला की त्याला क्षणभर वाटलं, दुसरंच कुणी वाजवलं.

कुणी हललं नाही. मग मार्तंडराव उठले आणि त्यांनी घसा फोडून "वन्समोर!" दिला. जाजमावरच्या सगळ्यांनी दिला. वन्समोर म्हणजे काय ते मागच्या बाकांना माहीत नव्हतं, पण साखरपुड्यात ओरडायचं असतं हे माहीत होतं, म्हणून त्यांनीही दिला. युस्टेस आणि एडनानं तिसरा भाग पुन्हा वाजवला. उपाशी पोटी गावठाणानं तोही तोंड मिटून ऐकला.

फिलिपचा टोस्ट लांबला, कारण त्यात तो मुख्यतः आपल्याबद्दल बोलला. नलिनीनं चहाचे कप सगळ्यांच्या हातात दिले, दारूबंदी होती म्हणून कुणी तक्रार केली नाही, आणि कप वर करून सगळे एका आवाजात ओरडले. त्यानंतर मात्र चिवडा किती वेळ टिकला हे न सांगितलेलं बरं. मार्तंडरावांना हा प्रकार काय आहे ते नलिनीनं समजावून सांगितलं. ते दोन्ही हात जोडून युस्टेसकडे आले.

"युस्टेसराव, मंडळाचे कार्यक्रम मी कित्येक वर्षं करतोय," ते गहिवरून म्हणाले. "कार्यक्रमातून काहीतरी निष्पन्न झालं, असं पहिल्यांदाच घडलं."

युस्टेसच्या मनाला मात्र एक गोष्ट लागून राहिली होती. त्यानं चिवड्याची पुडी धरलेल्या ऑगस्टीनला कोपऱ्यात गाठलं. "खरं सांग. टोस्टची वाट बघत होतास ना? वाजवणं ऐकलंस का काही?"

ऑगस्टीन ओशाळला. "पहिल्यात वाट बघत होतो," तो म्हणाला. "दुसऱ्यात विसरलो. ते काय होतं रे? दोन माणसं एका घरात अन् बोलत नाहीत असं?"

युस्टेसनं त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ऑगस्टीनला पुडी डाव्या हातात घ्यावी लागली.

अंधार पडला तसे लोक पांगले. काशीराम माणसं घेऊन दारात उभा होता. पियानो पुन्हा गाडीवर चढला, दोऱ्या बांधून झाल्या.

"कुठं न्यायचा, बाई?" काशीरामनं विचारलं.

युस्टेस एडनाकडे बघत राहिला. विनीमावशी पुढं झाली. "परत नेलास तर माझं तोंड दिसणार नाही," ती म्हणाली. "गेलेला पियानो परत आला तर लोक म्हणतील मोडलं. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारायची आहेत, तोवर मुलगी माझ्याकडं. पियानो जाऊ दे पुढं."

"पण माझं दार अरुंद आहे," युस्टेस म्हणाला. त्याला खरोखरच काळजी वाटली. "वडिलांनी कपाट आणलं तेव्हा चौकट काढावी लागली होती."

"तुझं दार मोठं आहे," एडना म्हणाली. "नाताळात मापलंय मी. काशीराम, खड्डे चुकव."